वसंतांतील राणी : एका केसाळ माशीचा इतिहास

इंग्लंडांतील हिवाळा पुरता सरलेला नसतो, ओकच्या झाडांना पालवी फुटलेली नसते, आणि सकाळच्या गवतावर अजून हिंव पडलेलें असतें. अशा दिवसांत, मार्च महिन्यांतील एखाद्या उबदार दुपारीं, बागेच्या कुंपणालगत एक जाड, घोगरी गुणगुण ऐकूं येते. आवाजाच्या रोखानें पाहावें तों अंगठ्याच्या पेराएवढी, काळ्या-पिवळ्या दाट लवीनें मढलेली एक माशी जमिनीपासून हातभर उंचीवर रेंगाळत असते. ती कुंपणाच्या मुळाशीं उतरते, वाळक्या पानांखालीं डोकावते, पुन्हा उडते आणि पुन्हा उतरते. तिचा आकार पाहून मुलें दचकतात आणि मोठीं माणसें हात उगारतात. वस्तुतः ती कोणाच्याहि वाटेस जात नाहीं. ती घर शोधीत असते; आणि तें मिळालें नाहीं तर त्या वर्षीं शेंकडों माशांची एक संबंध वसाहत जन्मासच येणार नसते. वसंताच्या आरंभीं दिसणारी ही मोठी माशी म्हणजे राणी होय. तिची खरी किंमत माणसाला कळली ती मात्र, जेथें ती मुळींच नव्हती तेथें.

इंग्रजींत तिला आज 'बंबल-बी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत तिचें रूढ नांव 'हंबल-बी' असें होतें. त्या शब्दाचा नम्रतेशीं कांहीं संबंध नाहीं. दोन्ही नांवें तिच्या गुणगुणण्यावरूनच पडलेलीं आहेत. महाराष्ट्रांत घराचे वासे पोखरणारा जो मोठा काळा भुंगा दिसतो, तो निराळा. त्याच्या शरीराचा मागील भाग गुळगुळीत व चकचकीत असतो आणि त्याचें बिऱ्हाड लांकडांत असतें. बंबल माशीच्या सर्वांगावर थंडी निवारणारी दाट लव असते. ती बहुधा जमिनींत घर करते आणि समाज करून राहते. ती मुख्यतः थंड प्रदेशाची रहिवासी आहे. उत्तर ध्रुवाकडील ओसाड मुलखांतहि तिच्या कांहीं जाती नांदतात.

या माशीच्या गृहजीवनाचें मनोवेधक वर्णन फ्रेडरिक स्लेडन या इंग्रज निरीक्षकानें १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द हंबल-बी' या ग्रंथांत आढळतें. केंट परगण्यांत वाढलेल्या स्लेडनला या माशांचें वेड लहानपणापासूनच होतें. उंदरानें सोडून दिलेलें बीळ राणीला विशेष पसंत पडतें, कारण त्यांत मऊ वाळलेलें गवत आयतेंच मिळतें. त्या गवताच्या पोकळींत ती परागाचा एक गोळा करते, त्यावर अंडीं घालते आणि तीं मेणानें झांकून टाकते. दाराच्या बाजूस ती मेणाचें एक इवलेंसें भांडें घडविते व त्यांत मध सांठविते. मग कोंबडीप्रमाणें ती अंडीं उबवावयास बसते. पंख न हलवितां पंखांचे स्नायू थरथरवून ती ऊब निर्माण करते. बाहेर कडक गारठा असला तरी अंड्यांपाशीं सुमारें ३० अंश सेंटिग्रेड उष्णता ती राखूं शकते. मधाचें भांडें तोंडापुढेंच असल्यामुळें पावसाळी दिवशीं वा रात्रीं तिला जागेवरून न उठतां पोट भरतां येतें. घर बांधणारी, अन्न आणणारी, उबविणारी आणि राखण करणारी अशी ती एकटीच असते. चार-पांच आठवड्यांनीं पहिल्या कामकरी माशा बाहेर पडतात. त्या आईपेक्षां पुष्कळ लहान असतात. पण बाहेरचीं कामें त्या अंगावर घेतात आणि राणी मग क्वचितच घराबाहेर पडते.

उन्हाळ्याच्या अखेरीस नर आणि नव्या राण्या जन्मास येतात. शरद ऋतु येतो आणि जुनी राणी, कामकरी माशा व नर हीं सर्व मरून जातात. मधमाशांप्रमाणें हिवाळाभर पुरेल असा मधाचा सांठा या समाजाजवळ नसतो. मीलन झालेल्या नव्या राण्या तेवढ्या मातींत शिरून सहा ते नऊ महिने निजून राहतात. त्यांतल्या पुष्कळशा बुरशीनें, पुरानें किंवा उपासमारीनें नष्ट होतात. म्हणून वसंतांत जी डोळ्यांना दिसते, ती अनेकींतून वांचलेली एक असते. आणि तिच्या मृत्यूनें एक माशी नव्हे, एक कुळ बुडतें.

या कुळाचा माणसाच्या शेतीशीं काय संबंध आहे, हें चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालीं आपल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथांत दाखवून दिलें. युरोपांतील शेतकरी लाल क्लोव्हर नांवाची एक चाऱ्याची वनस्पति पेरतात. मेथी व लसूणघास यांच्याच कुळांतील ती वनस्पति गुरांना पौष्टिक असते, आणि तिच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात. परंतु तिच्या फुलाची नळी इतकी खोल असते कीं, साध्या मधमाशीची जीभ तळाच्या मधापर्यंत सहसा पोंचत नाहीं. लांब जिभेच्या बंबल माशीची पोंचते. डार्विननें या फुलांचे १०० गेंद माशांना मोकळे ठेवले, त्यांत २,७०० दाणे धरले. तितकेच गेंद जाळीनें झांकून ठेवले, त्यांत एकहि दाणा धरला नाहीं. पुढें त्यानें असा तर्क लढविला कीं, शेतांतले उंदीर या माशांचीं घरटीं उध्वस्त करतात आणि मांजरें उंदरांना मारतात. म्हणून एखाद्या गांवच्या क्लोव्हरचें पीक तेथील मांजरांच्या संख्येवरहि अवलंबून असूं शकेल. हा तर्क पुढें विनोदाचा विषय झाला; पण सृष्टींतील दूरदूरचे जीव एकमेकांशीं कसे बांधलेले असतात, हें इतक्या घरगुती दृष्टांतानें फार थोड्या लेखकांनीं सांगितलें असेल.

डार्विनची जाळी शंभर गेंदांवर होती. न्यूझीलंडच्या बेटांवर तोच प्रयोग नकळत साऱ्या देशभर चालला होता. इंग्रज वसाहतवाल्यांनीं तेथें मेंढ्या नेल्या, गुरें नेलीं आणि त्यांच्यासाठीं लाल क्लोव्हरचें बीं नेलें. मधमाशाहि १८३९ सालीं तेथें पोंचल्या होत्या. क्लोव्हर उत्तम वाढे, फुलांनीं शेतें लाल होऊन जात. पण बीं जवळजवळ धरतच नसे. तेथील मूळच्या माशा लहान व आंखूड जिभेच्या होत्या. त्यामुळें पेरणीसाठीं अर्ध्या पृथ्वीपलीकडून पुन्हापुन्हा बीं आणवावें लागे. शेवटीं वसाहतवाल्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण मायदेशाहून सारें कांहीं आणलें, पण कुंपणालगत रेंगाळणारी ती जाड माशी तेवढी मागें राहिली.

तिला आणणें सोपें नव्हतें. अनेक आठवड्यांचा प्रवास, मध्यंतरीं विषुववृत्ताचा उष्मा आणि वाटेंत फूल एकहि नाहीं. पहिले कित्येक प्रयत्न फसले. मार्ग निघाला तो मांसाच्या व्यापारांतून. १८८२ सालीं 'डनीडिन' हें जहाज न्यूझीलंडहून गोठविलेलें मांस घेऊन इंग्लंडास सुखरूप पोंचलें आणि जहाजांवर शीतगृहें होऊं लागलीं. हिवाळी निद्रेंत असलेल्या राण्या थंडींत ठेवून नेल्या तर त्या जाग्या होणार नाहींत आणि त्यांना अन्नहि लागणार नाहीं, ही युक्ति त्यामुळें साधली. इंग्लंडांत मातींत निजलेल्या राण्या मजुरांकडून खणून काढविल्या गेल्या. १८८५ च्या जानेवारींत 'टोंगारिरो' ही आगबोट लिटलटन बंदरास लागली. पाठोपाठ दुसरी एक बोट आली. शेंकडों राण्या निघाल्या होत्या. जिवंत उतरल्या त्या शंभराच्या आंतच. क्राइस्टचर्चच्या परिसरांत त्यांना सोडण्यांत आलें. इंग्लंडच्या हिवाळ्यांत निजलेल्या त्या माशा न्यूझीलंडच्या भर उन्हाळ्यांत जाग्या झाल्या! थोड्याच वर्षांत त्यांची संतति दक्षिण बेटावर दूरवर पसरली आणि क्लोव्हरला बीं धरूं लागलें. तेथें आज बंबल माशांच्या ज्या चार जाती नांदतात, त्या सर्व इंग्लंडांतून नेलेल्या माशांचे वंशज आहेत.

या यशाची दुसरी बाजूहि इतिहासानें नोंदली आहे. १९८० नंतरच्या दशकांत बेल्जमचे रोलां द याँघ या पशुवैद्यांनीं असें दाखवून दिलें कीं, कांचगृहांतील टोमॅटोच्या फुलांना बंबल माशी फार उपयोगी पडते. ती फुलाला लटकून अंग असें थरथरविते कीं आंतला पराग भुरभुरून खालीं पडतो. तेव्हांपासून या माशा खोक्यांत वाढवून देशोदेशीं विकल्या जाऊं लागल्या. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत क्लोव्हरसाठीं १९८२ च्या सुमारास न्यूझीलंडहून एक जात आणली गेली, आणि १९९७-९८ च्या सुमारास टोमॅटोसाठीं युरोपांतून दुसरी. ही दुसरी जात अँडीज पर्वत ओलांडून अर्जेंटिनांत शिरली आणि जेथें जेथें ती गेली तेथें तेथें त्या भूमीची स्वतःची बंबल माशी विरळ होत गेली. ही देशी माशी सोनेरी-तांबूस लवीची असून जगांतील सर्वांत मोठ्या बंबल माशांत तिची गणना होते. पाहुण्या माशीनें आणलेले रोग आणि फुलांसाठींची चुरस हीं तिच्या ऱ्हासाचीं कारणें मानलीं जातात. न्यूझीलंडांत जी उणीव भरून निघाली, ती चिलींत नव्हती. तेथें घर आधींच भरलेलें होतें.

आणि खुद्द इंग्लंडांत काय झालें? दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीची पद्धत पालटली. रासायनिक खतें आलीं, तेव्हां क्लोव्हरची गरज उरली नाहीं; घोड्यांची जागा ट्रॅक्टरनें घेतली, तेव्हां चाऱ्याचीं कुरणें नांगरलीं गेलीं. १९३० नंतरच्या अर्धशतकांत इंग्लंड व वेल्समधील फुलांनीं भरलेल्या जुन्या कुरणांपैकीं सुमारें ९७ टक्के नाहींशीं झालीं. न्यूझीलंडास गेलेल्या चार जातींपैकीं आंखूड केसांची एक जात इंग्लंडांत शेवटची दिसली ती १९८८ सालीं, केंटमधील डंजनेस येथें. आणि २००० सालीं ती त्या देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मात्र न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तिचे वंशज हयात होते. त्यांनाच परत आणावें, असा बेत २००९ सालीं ठरला. परंतु त्या माशा इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढल्या होत्या कीं, त्यांच्या रक्तांत विविधता उरली नव्हती. म्हणून २०१२ पासून स्वीडनच्या दक्षिण भागांतून त्याच जातीच्या राण्या आणून डंजनेसला सोडण्यांत आल्या. पुढील वर्षीं त्यांच्या कांहीं कामकरी माशा दिसल्याहि. परंतु त्यांचें कुळ तेथें कायमचें रुजलें नाहीं. तथापि त्यांच्यासाठीं आसपासच्या शेतकऱ्यांनीं फुलांचे जे पट्टे राखले, त्यांवर इतर दुर्मिळ बंबल माशा पुन्हा दिसूं लागल्या.

भारतवर्षाला ही माशी परकी नाहीं. सपाटीच्या उष्ण प्रदेशांत ती राहत नाहीं. पण काश्मीरपासून सिक्कीम-अरुणाचलापर्यंत हिमालयाच्या उतारांवर तिच्या चाळीसांहून अधिक जाती आहेत. १८९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बिंगहॅमच्या ग्रंथांत, हिंदुस्थानांतील माशा व गांधिलमाशा यांच्या बरोबरीनें त्यांतील कित्येकींचें वर्णन आलेलें आहे. मराठी घरांतल्या मसाल्याच्या डब्यांत जी मोठी काळी वेलची असते, तिचें सिक्कीममधील पीकहि मुख्यतः या माशांवरच अवलंबून आहे. झुडपाच्या बुंध्याशीं, जमिनीलगत तीं पिवळीं फुलें उमलतात आणि डोंगरांतल्या पावसांत व धुक्यांतहि ही केसाळ माशी त्यांच्याकडे येते.

एका माशीच्या अभावीं एक संबंध देश वर्षानुवर्षें बीं विकत घेत होता. तिला नेण्यासाठीं मजूर, व्यापारी आणि आगबोटी यांची जुळणी करावी लागली. आणि जेथून ती नेली तेथें गमावलेली एक जात पुढें सर्व साधनें हातीं असूनहि परत रुजवितां आली नाहीं. याउलट, तिला राखण्यासाठीं लागतें तें अगदींच थोडें : हिवाळ्यांत न खणलेली चार हात माती, उंदराचें एखादें जुनें बीळ, आणि वसंताच्या आरंभापासून शरदापर्यंत क्रमानें उमलणारीं फुलें.