कुलमुखत्यारपत्र

आपल्या वतीने व आपल्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा लेखी दस्तऐवज. अधिकार घेणाऱ्यास कुलमुखत्यार म्हणतात. भारतात याविषयी १८८२ चा मुखत्यारपत्र अधिनियम आहे. पण तो मोजक्याच कलमांचा असल्याने दोघांमधील हक्क व जबाबदाऱ्या मुख्यतः १८७२ च्या भारतीय करार अधिनियमावरून ठरतात.

एकाच कामापुरते दिलेले ते खास मुखत्यारपत्र आणि सर्व व्यवहारांसाठी दिलेले ते सर्वसाधारण. तयार मसुद्यांत मात्र हा भेद बहुधा पुसला जातो. परदेशस्थ मुलाला पुण्यातील सदनिका फक्त भाड्याने द्यायची असते. दस्तात ‘विक्री करणे, गहाण ठेवणे, मोबदला स्वीकारणे, दुय्यम निबंधकांपुढे हजर राहून कबुली देणे’ अशी सारी कलमे आलेली असतात. नको ते कलम सही करण्यापूर्वीच काढायला लावावे. परदेशात करून दिलेला दस्त तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेता येतो. तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते.

कुलमुखत्यार म्हणून जवळचा नातेवाईक निवडण्याची रीत आहे. नाते हा पुरेसा निकष नव्हे. वडिलोपार्जित जमिनीत स्वतःचा हिस्सा असलेल्या भावाला तिच्याच वाटणीचे अधिकार देणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. त्यापेक्षा हिशेब चोख ठेवणारा, त्याच गावात राहणारा आणि त्या मिळकतीत हितसंबंध नसलेला माणूस बरा. मागितल्यावर हिशेब देणे कुलमुखत्यारावर कायद्यानेच बंधनकारक आहे आणि मुभा दिलेली नसेल तर सहसा त्याला आपले काम तिसऱ्यावर सोपवता येत नाही.

मृत्युपत्र कुलमुखत्यारामार्फत करता येत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेली घराची ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

देणाऱ्याचा मृत्यू झाला की अधिकार संपतो. अपवाद कुलमुखत्याराचे स्वतःचे हित त्या मिळकतीत गुंतले असेल तेव्हाचा. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरी तेच. वृद्ध आईवडिलांच्या स्मृतिभ्रंशाच्या भीतीने अनेक घरांत हे पत्र करून ठेवतात, पण ज्या दिवसासाठी ते केले नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होते. इंग्लंडमध्ये क्षमता गेल्यावरही चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राची कायद्याने सोय आहे, भारतात नाही. येथे मग न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

अधिकार काढून घेता येतो, परंतु कुलमुखत्याराला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता आणि त्रयस्थाला कळेपर्यंत त्या त्रयस्थापुरता तो चालूच राहतो. म्हणून रद्दपत्र करून कुलमुखत्याराला, बँकेला आणि संबंधित कार्यालयांना लेखी कळवावे, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि मूळ दस्त परत घ्यावा.