झिका, टियागो आणि आपली इंडिका

राजेहो, फेब्रुवारी २०१६ आठवतो का? टाटा मोटर्सची नवी छोटी गाडी बाजारात यायची होती. नाव ठरलं होतं झिका. 'झिपी कार', म्हणजे चपळ गाडी, यावरून काढलेलं. जाहिरातीला थेट लिओनेल मेस्सी. तेवढ्यात ब्राझीलमध्ये डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूनं थैमान घातलं आणि १ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. हा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात सापडलेला, पण जगानं त्याचं नाव ऐकलं ते नेमकं तेव्हाच.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. आपल्या देवनागरीत तेवढाही नाही. गाडीही झिका, रोगही झिका.

कंपनीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, नाव बदलतो. दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी जुन्याच नावानं उभी राहिली, कारण पाट्या तयार होत्या. मग लोकांकडून नावं मागवली. शेवटी तीन उरली: सिवेट, अडोर, टियागो. टियागो जिंकलं आणि ६ एप्रिलला गाडी ३ लाख २० हजारांपासून (दिल्ली एक्स-शोरूम) विक्रीला आली. तेव्हा काहींना ही घाई वाटली. पण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हा त्या नावाची गाडी दारात असती तर काय झालं असतं, विचार करा.

आता जरा मागं जाऊ. त्याच कंपनीची, तेव्हाच्या टेल्कोची, इंडिका. ३० डिसेंबर १९९८ ला आली, पुण्यात तयार झालेली. नावात इंडिया आणि कार. अभिमानाचं नाव, आणि काही दिवसांत लाखावर बुकिंग, तेही पैसे आगाऊ भरून. पण सुरुवातीच्या गाड्यांचा आवाज, थरथर, लवकर झिजणारे टायर यांनी गिऱ्हाईक वैतागलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! इथं कंपनीनं नावाला हात लावला नाही, गाडी दुरुस्त केली. ठिकठिकाणी शिबिरं घेऊन भाग फुकट बदलून दिले आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' आणली. १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, मागं तीन माणसं ऐसपैस. पुसदला रेल्वे नव्हती. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन नांदेड गाठायचं तर स्टँडवर जाऊन 'इंडिका आहे का?' एवढंच विचारायचं. गाडीचं नाव टॅक्सीचं नाव झालं.

उलटं उदाहरणही इंडिकाचंच. २००३ मध्ये ब्रिटनच्या एमजी रोव्हरनं हीच गाडी 'सिटीरोव्हर' नावानं विकली. भारदस्त बिल्ला लावला, किंमतही चढी ठेवली. ती चालली नाही, आणि २००५ मध्ये ती कंपनीच बुडाली.

आपल्याकडं योजना, रस्ते, चौक यांची नावं बदलताना हा फरक कुणी करतो का? नाव अडचणीचं आहे की आतलं काम, हे आधी बघायला नको?

टियागोचं आतलं काम बरं होतं. १.२ लिटर, तीन सिलिंडर, ८५ पीएस. कमी वेगात थोडी थरथर, पण बांधा दणकट. डिझेल १.०५ लिटरचं, ७० पीएसचं, २०२० मध्ये बंद झालं. त्याच वर्षी जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, लहान मुलांसाठी तीन. ती गाडी दोन एअरबॅगवाली होती. २०१६ च्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये मात्र त्या मूळ किमतीत नव्हत्या, वेगळे पैसे मोजावे लागत. जुनी टियागो घेणार असाल तर नावाची पाटी नंतर बघा, आधी स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण आहे का ते बघा.