भाचरांशी गट्टी जमवायची? पत्ते काढा

सुट्टीला आलेली भाचरं मोबाइलमध्येच असतील तर पत्त्यांचा कॅट काढा. अगदी लहानांसाठी भिकार-सावकार. खालच्या पानाशी आकडा जुळला की ढीग आपला. सगळा नशिबाचा खेळ, त्यामुळे आजोबाही खरेखुरे हरतात. (मुद्दाम हरलेलं पोरांना बरोबर कळतं.)

तिघं असाल तर पाच-तीन-दोन. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी पानं आणि बदाम-इस्पिकची सत्ती, अशी 30 पानं. पाच हात करायचे त्याने पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा. पहिला डाव लहानग्याला वाटू द्या, वाटणाऱ्याला दोनच हात करायचे असतात.

पणाला पैसे नकोत, गोळ्या लावा. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावात 1942 साली सुरू झालेली रावळगाव गोळी आजीच्याही ओळखीची.