अभियोक्त्याची शाळा आणि न केलेले भाषण

प्राचीन रोममध्ये सरकारी वकील नव्हता. आरोप कोणीतरी नागरिकाने पुढे होऊन करायचा, पुरावा त्यानेच गोळा करायचा आणि पंचांपुढे खटलाही त्यानेच उभा करायचा, अशी तिथली रीत होती. त्यामुळे अभियोग चालवण्याचे शिक्षण हे सार्वजनिक जीवनात उतरू पाहणाऱ्या तरुणाच्या घडणीचाच भाग होते. लुसियस क्राससने इ.स.पू. ११९ मध्ये कार्बो या माजी कॉन्सलवर खटला चालवला, तेव्हा तो विशीच्या आसपासचा होता; त्या एका खटल्याने त्याचे नाव झाले.

हे शिक्षण दोन ठिकाणी होई. पहिले ठिकाण म्हणजे वक्तृत्वशाळा. हर्मागोरस या ग्रीक आचार्याच्या परंपरेतून आलेले प्रश्न तिथे विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडले जात : कृत्य घडले काय? घडले असल्यास त्याला कोणते नाव द्यायचे? ते समर्थनीय होते काय? जुलमी सत्ताधीश किंवा देवळातला चोर अशा नमुन्यादाखल गुन्हेगारांवर आरोपाची भाषणे रचण्याचा सरावही असे. दुसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष फोरम. तिथे एखाद्या ज्येष्ठाच्या मागे राहून ऐकायचे, पाहायचे. सिसेरो असाच स्कीव्होलाच्या सहवासात शिकला. पुढे ऱ्होड्सच्या मोलोनने आपल्या वाहवत जाणाऱ्या शैलीला बांध घातला, असे त्यानेच नमूद केले आहे.

या शिक्षणाची कसोटी इ.स.पू. ७० मध्ये लागली. सिसिलीचा प्रांताधिकारी व्हेरेस याने इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात प्रांत अक्षरशः नागवला होता. त्याच्यावर खटला कोणी चालवायचा, हेच आधी ठरायचे होते. कारण व्हेरेसच्याच हाताखाली काम केलेला केसिलियस हाही अभियोक्ता होऊ पाहत होता. या निवडीसाठी केलेले सिसेरोचे भाषण आम्हांला अभियोक्त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा वाटते. बचावाला उभा राहणारा हॉर्टेन्सियस तुझ्या आरोपाचे तुकडे करून एकेक मुद्दा बोटांवर मोजू लागेल, तेव्हा तुझे काय होईल, असे तो प्रतिस्पर्ध्याला विचारतो. वक्तृत्व आयत्या वेळी उसने आणता येत नाही, हा त्यामागचा आशय.

निवड झाल्यावर सिसेरोने पुराव्यासाठी ११० दिवस मागून घेतले आणि सिसिली पालथी घालून तो ५० दिवसांत परतला. बचाव पक्षाचा डाव कालहरणाचा होता. हॉर्टेन्सियस पुढील वर्षासाठी कॉन्सल म्हणून निवडून आला होता, न्यायासनही व्हेरेसच्या स्नेह्याकडे जाणार होते, आणि मध्ये उत्सवांच्या सुट्ट्या होत्या. प्रथेप्रमाणे अभियोक्त्याने सविस्तर भाषण केले असते, तर हा डाव साधला असता. म्हणून ५ ऑगस्टला सिसेरोने प्रदीर्घ भाषणाला फाटा दिला. थोडक्यात प्रस्ताव मांडून त्याने थेट साक्षीदार उभे केले आणि आरोपामागून आरोप साक्षींनी शाबीत केला. निकालापूर्वीच व्हेरेस मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेयला, निघून गेला.

ज्या भाषणाची वर्षानुवर्षे तयारी केली, ते योग्य क्षणी न करणे, हाच या शिक्षणाचा कळस होता असे आम्ही मानतो.

इतिहासाचा विरोधाभास पुढेच आहे. सिसेरोने ते न केलेले भाषण पाच भागांत लिहून प्रसिद्ध केले, जणू व्हेरेस समोर बसला आहे अशा थाटात. वक्तृत्वशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या नमुना म्हणून गिरवले ते हेच. गाव्हियस या रोमन नागरिकाला व्हेरेसने मेसाना येथे क्रूसावर चढवल्याचा पाचव्या भागातला प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. तो मजकूर मात्र एकाही पंचाने न्यायसभेत ऐकलेला नाही. त्यांच्या कानांवर पडली ती न्युमिटोरियस या साक्षीदाराची जबानी. त्या जबानीने लोक इतके खवळले की ग्लाब्रिओ या न्यायाधीशाने साक्ष अर्धवट असतानाच कामकाज थांबवले. हेही आपल्याला सिसेरोच्याच लेखणीतून कळते.

पुढे साम्राज्यकाळात खटल्यांतले राजकीय तेज ओसरत गेले आणि शाळेतले जुलमी सत्ताधीश व चाचे तेवढे फोफावले. क्विंटिलियनने अशा सरावाला वास्तवाशी जोडण्याचा आग्रह धरला. टॅसिटसच्या संवादातील एका पात्राने तर त्याची टरच उडवली. सिसेरोने स्वतः इ.स.पू. ४४ मध्ये मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात आणखी एक मर्यादा घातली : खटले क्वचितच भरावेत, आणि निरपराध्याचे प्राण कधीही पणाला लावू नयेत.

साहित्याच्या वर्गात आपण व्हेरेसविरोधी भाषणांतली अलंकारयोजना शिकवतो, ते योग्यच आहे. पण त्या पाच भागांमागे ५० दिवसांची पायपीट आणि सिसिलीतून दाद मागायला आलेली माणसे उभी आहेत. ती वगळली, तर विद्यार्थ्याच्या हाती उरेल ती केवळ आरोप करण्याची कला. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी त्याला कळणार नाही.