एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात, हे शाळकरी पोरही घडाघडा सांगतं. गच्चीवर आकाश बघायला येणाऱ्या मुलांना मी त्यापुढचं विचारतो: मग मुंबईत भर मध्यान्ह होते तेव्हा घड्याळात बारा का वाजत नाहीत? इथे मात्र सगळे गप्प. याचं निम्मं उत्तर भूगोलात आहे आणि निम्मं मुंबईच्या हट्टात.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त, तेव्हा तिथली मध्यान्ह आपल्या आधी सुमारे २५ मिनिटं. कोलकात्याची तर तासभर आधी. पूर्वी याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. लग्नघरी पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची. तिच्या बुडाला बारीक भोक. पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. ६० घटकांचा दिवस, आणि त्याची मोजणी गावातल्या सूर्योदयापासून. पलीकडच्या गावात काय वाजले याची जोशीबुवांना फिकीर नसे.

ती फिकीर आगगाडीने आणली. वेळापत्रक एकच हवं, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबई आणि कोलकात्याच्या अधलीमधली, मुंबईच्या अर्धा तास पुढे. शहराचे व्यवहार मुंबईच्या वेळेने आणि गाडी मद्रासच्या, त्यामुळे शहराचं घड्याळ बघून निघालेल्याची गाडी चुकायचीच. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली, आणि शहर बिथरलं. विद्यापीठाने राजाबाई टॉवरच्या घड्याळात मुंबईचीच वेळ ठेवली, तेव्हा त्या घड्याळाच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. सरकारही रुसतं ते असं! १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

पुन्हा ठिणगी पडली १ जानेवारी १९०६ रोजी. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे अशी भारतीय प्रमाणवेळ आली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास ५१ मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण गिरणीचा भोंगा नव्या वेळेने सहाला वाजला, तर सूर्याच्या हिशेबाने पाच वाजून २१ मिनिटंच झालेली. थंडीत पहाटे उठून चाळीतल्या नळावर रांग लावणाऱ्याला ती मिनिटं बरोबर कळतात. त्यातच बंगालच्या फाळणीला तीन महिनेही झाले नव्हते; सरकारकडून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे लोक संशयाने बघत होते. ‘लोकांना विचारलं का?’ असा सवाल करत महापालिकेतले नेते फिरोजशहा मेहता यांनी विरोध केला. महापालिकेने आपल्या घड्याळांत मुंबईची वेळ कायम ठेवली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, सरकारने सबंध देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली होती. तेव्हा मुंबईची मध्यान्ह दीड वाजून गेल्यावर व्हायची.

आमच्या घरातल्या एका जुन्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या मिनिटांपुढे कंसात ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलंय. आज ते गमतीचं वाटतं, पण तेव्हा ही दोन अक्षरं नसती तर अर्धी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडून गेल्यावर पोचली असती.

माझं मत विचाराल, तर खगोलशास्त्र मुंबईच्या बाजूने होतं आणि शहाणपण रेल्वेच्या. लोकलवर जगणाऱ्या शहराला दोन घड्याळं परवडणारी नव्हती. फक्त हरलेली बाजू अडाणी होती असं कुणी म्हणू नये. पृथ्वीच्या फिरण्याशी तिचंच घड्याळ जुळत होतं.

खात्री करायची असेल तर मे महिन्याच्या मध्यावर, मुंबईत शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, गच्चीवर एक सरळ पाइप उभा करा. बाराला जाऊन उन्हात ताटकळू नका. सावली पायथ्याशी नाहीशी होते ती साडेबारा उलटून पाचेक मिनिटांनी.