म्हाताऱ्या कुत्र्याचा घास

दहा-बारा वर्षे घरात राहिलेला कुत्रा एके दिवशी पुढ्यातल्या अन्नाचा नुसता वास घेतो, मान वर करून घरच्या माणसांकडे पाहतो आणि तसाच मागे फिरतो. काल आवडीने खाल्लेली दूधभाकरी आज त्याला नको असते. घरातले कोणी म्हणते, “लाडाने शेफारला आहे, पोटात कावळे ओरडू लागले की मुकाट्याने खाईल.” दुसरे कोणी हळूच आपल्या ताटातला घास त्याच्यापुढे ठेवते. ह्या दोन वृत्तींमधला वाद आजचा नव्हे. तो निदान दोन हजार वर्षे चालत आला आहे, आणि त्यात दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत. ज्याच्याकडून काम होत नाही अशा जिवाला पोसण्याचे ऋण माणसावर आहे काय, हा पहिला. तो अन्नावरून तोंड का फिरवितो, हा दुसरा. पहिला प्रश्न धर्माचा आहे, दुसरा ज्ञानाचा.

म्हाताऱ्या कुत्र्याचे युरोपीय वाङ्मयातील सर्वांत जुने आणि प्रसिद्ध चित्र होमरच्या ‘ओडिसी’ ह्या महाकाव्यात आहे. ओडिसियस राजा वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या दारी येतो, तेव्हा त्याला एकही माणूस ओळखत नाही. ओळखतो तो आर्गोस हा त्याचा कुत्रा. एके काळचा हा नामांकित शिकारी आता दाराबाहेरच्या उकिरड्यावर गोचिडांनी भरून पडलेला असतो. धन्याची चाहूल लागताच तो शेपूट हलवितो, कान पाडतो. पण उठून जवळ येण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. धनी दूर गेला की चाकर कामात कुचराई करतात, असे कारण तेथे दिलेले आहे. म्हणजे कुत्र्याचे हाल झाले ते निव्वळ वयामुळे नव्हे, त्याची विचारपूस करणारे कोणी उरले नव्हते म्हणून. पुढे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने कुत्र्यांच्या आयुर्मानाचा विचार करताना ह्याच प्रसंगाचा उल्लेख केला. बहुतेक कुत्री चौदा-पंधरा वर्षे जगतात, काही वीस वर्षांपर्यंतही जातात; म्हणून होमरचे वर्णन बरोबर आहे असे कित्येकांना वाटते, असे त्याने नमूद केले. तरुण कुत्र्याचे दात पांढरे व तीक्ष्ण असतात, म्हाताऱ्याचे काळवंडलेले व बोथट, हे त्याचे निरीक्षण पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रोममध्ये ह्या प्रश्नाची दुसरी बाजू कठोरपणे मांडली गेली. थोरला केटो हा व्यवहारदक्ष म्हणून गाजलेला पुरुष. शेतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याने जमीनदाराला सल्ला दिला की थकलेले बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे, म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम हे सर्व विकून टाकावे. माणूस, जनावर व लोखंड त्याने एकाच यादीत बसविले. सुमारे अडीचशे वर्षांनी प्लुटार्कने केटोचे चरित्र लिहिताना येथे मुद्दाम थांबून ह्या वृत्तीचा निषेध केला. न्याय हा फक्त माणसांपुरता असतो, परंतु दया त्याहून विस्तृत असते. भला माणूस घोडा थकला तरी त्याला पोसतो आणि कुत्र्याची काळजी त्याच्या पिल्लूपणीच घेतो असे नाही, म्हातारपणीही घेतो, असा त्याचा आशय आहे. त्याने दाखलेही दिले. अथेन्समध्ये मोठ्या देवालयाचे बांधकाम चालू असता कामातून मोकळे केलेले एक खेचर आपण होऊन परत आले आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांच्या पुढे चालू लागले. तेव्हा नागरिकांनी ठराव करून त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने चारा दिला. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी स्वारीमुळे अथेन्सचे लोक शहर सोडून जहाजांनी सालामिस बेटाकडे गेले, तेव्हा पेरिक्लीसचा पिता झांथिपस ह्याचा कुत्रा जहाजाशेजारून पोहत गेला व काठावर पोचताच मेला. त्याला जेथे पुरले ती जागा पुढे कुत्र्याच्या नावानेच ओळखली जाऊ लागली.

भारतीय परंपरेत हाच विचार निराळ्या वाटेने आला. वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी अन्नाचा भाग जमिनीवर ठेवावा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. महाभारतात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी उभा असताना, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून एकट्याने आत जाण्याचे नाकारतो. आणि महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेली नामदेवांची कथा तर थेट भाकरीचीच आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची चिंता होती. कथेचा अर्थ अध्यात्माचा आहे हे खरे. तथापि मुक्या जिवाला पोटभर मिळाले की संपले असे न मानता, त्याला ते सुखाने खाता यावे, हा विचार त्यात आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवितात. वाघापासून त्याने महाराजांना वाचविले, अशी आख्यायिका आहे. खाल्ल्या मिठाला जागणे ही जशी सेवकाची कसोटी, तशी त्याची आठवण ठेवणे ही धन्याची.

राजदरबारांत कुत्र्याच्या अन्नाचा रीतसर हिशेब असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. अकबराच्या कारभाराची माहिती देताना अबुल फजलने लिहून ठेवले आहे की खाशा कुत्र्याला रोज दोन शेर मांस मिळे व इतरांना दीड शेर. हा हिशेब शिकारीच्या, कामाच्या कुत्र्यांचा होय. शेतकऱ्याच्या व मेंढपाळाच्या दारचा कुत्रा मात्र भाकरतुकड्यावरच जगत आला. विजापूर-मुधोळच्या बाजूची प्रसिद्ध शिकारी कुत्रीदेखील अशाच आहारावर वाढली.

मांसभक्षक लांडग्याच्या ह्या वंशजाला भाकरी कशी मानवली, ह्याचे उत्तर अलीकडे मिळाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की पिष्ट पचविणाऱ्या द्रव्याचा जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतो, तर कुत्र्यात त्याच्या पुष्कळ प्रती असतात. माणसाने शेती केली, कुत्रा त्याच्या दारी राहिला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकरतुकड्याने त्याचे शरीरच बदलले. माणसाचे आणि त्याचे ताट एक झाले ते असे.

आता दुसरा प्रश्न. न खाणाऱ्या कुत्र्याला खाऊ कसे घालावे ह्याचे ज्ञान प्राचीनांना बरेच होते. व्हारो ह्या रोमन पंडिताने वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरांच्या कुत्र्याला जवाची भाकरी दुधात भिजवूनच द्यावी, असे सांगून हाडांचे कढणही सुचविले आहे. कोलुमेलाने जवाचे पीठ व दह्याची निवळ सांगितली. भाकरी घेवड्याच्या कढणात कालवावी, पण कढण कोमटच असावे, ही सूचना त्याचीच. दुसऱ्या शतकातील आरियन हा स्वतः कुत्र्यांचा शोकी. आजारी कुत्र्यासाठी बैलाचे काळीज निखाऱ्यावर भाजून, किसून पिठासारखे करावे व अन्नावर भुरभुरावे, असे त्याने लिहिले. गास्तों फेबस ह्या फ्रेंच सरदाराने १३८७ मध्ये शिकारीवरील आपला ग्रंथ लिहावयास घेतला, त्यात अशक्त कुत्र्यासाठी बकरीचे दूध व लोण्यातली अंडी आहेत. मऊ, कोमट आणि वासाचे, ह्या तीन शब्दांत ह्या सर्व उपायांचे सार येते.

यंत्रयुगात हे घरगुती ज्ञान मागे पडले. विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळया विकणारा जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन लंडनला आला असता गोदीवरची कुत्री जहाजावरची टणक बिस्किटे खाताना त्याला दिसली, असे सांगतात. १८६०च्या सुमारास त्याने धान्य व मांस ह्यांची कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास आरंभ केला. त्याच्याच पेढीतल्या चार्ल्स क्रफ्ट ह्या नोकराने पुढे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन काढले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत डबाबंद मांस आले. दुसऱ्या महायुद्धात पत्रा व मांस ह्यांवर नियंत्रण येताच कोरडे खाद्य पुढे सरसावले. सोय झाली. मात्र बोथट दातांच्या कुत्र्यापुढे टणक बिस्किट आले आणि त्याने ते नाकारले की लोक त्याला हट्टी म्हणू लागले.

ह्याच काळात प्रयोगशाळांत कुत्र्याच्या भुकेचा अभ्यास चालू होता. रशियातील पावलॉव्ह ह्यांनी दाखवून दिले की कुत्र्याने आवडीने घास चावला, पण तो पोटात पोचू दिला नाही, तरीही जठररस स्रवतो. इच्छा हीच पचनाची पहिली प्रेरक, असा त्यांचा निष्कर्ष होता. पचनावरील कामासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य किती अपुरे आहे, ते येथे कळते. पोट रिकामे असणे वेगळे आणि वासना असणे वेगळे.

त्याहून उद्बोधक हकीकत जोसेफ गोल्डबर्गर ह्यांची. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणारे गरीब लोक पेलाग्रा ह्या रोगाने मरत होते. त्वचा करपे, जुलाब लागत, बुद्धी भ्रमे. हा दोष आहाराचा आहे हे गोल्डबर्गर ह्यांनी ओळखले आणि गरिबांचे तेच अन्न कुत्र्यांना देऊन पाहिले. कुत्री त्या अन्नाला कंटाळली व खाईनाशी झाली. त्यांना भूक लागावी म्हणून अन्नात यीस्ट मिसळण्यात आले. आणि जो रोग व्हावा अशी अपेक्षा होती तो झालाच नाही! कुत्र्यांची जीभ काळी पडण्याचा विकार पेलाग्रासारखाच आहे आणि यीस्ट दोहोंवर उतारा आहे, हे पुढे सिद्ध झाले. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा रेड क्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटले. १९३७ मध्ये एल्व्हेजेम ह्यांनी काळजाच्या अर्कातून निकोटिनिक आम्ल वेगळे काढून त्याने कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. तेच औषध माणसांनाही लागू पडले. तोंड फिरविणाऱ्या कुत्र्याला हट्टी ठरवून संशोधक स्वस्थ बसते, तर ही वाट कदाचित उशिरा सापडती.

ह्या कथेचा एक अध्याय हैदराबादचा आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरीब मजुरांतही पेलाग्रा आढळे. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली, आणि तेथे गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीप्रधान आहाराने कुत्र्यांची जीभ काळी पडते, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागच्या कारणाविषयी शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले. परंतु नुसत्या भाकरीवर माणसाचे भागत नाही आणि कुत्र्याचेही नाही, हे त्यातून दिसले. अमेरिकेत व्हिपल ह्यांनी रक्तक्षय झालेल्या कुत्र्यांना निरनिराळी अन्ने देऊन काळिजाचा गुण दाखविला व त्यावरून माणसांच्या घातक पांडुरोगावर उपचार निघाला. १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल, मायनॉट व मर्फी ह्यांना मिळाले. आरियनने आजारी कुत्र्याच्या अन्नावर भुरभुरलेले काळीज अठरा शतकांनंतर माणसाच्या कामी आले.

आजचे पशुवैद्यक प्राचीनांच्या पुष्कळशा अनुभवाला दुजोरा देते आणि काही ठिकाणी त्यांना दुरुस्तही करते. म्हातारा कुत्रा खात नसेल तर प्रथम त्याचे तोंड पाहावे. हिरड्यांचे दुखणे व हलणारे दात उतारवयात फार आढळतात, आणि भुकेला असूनही दुखण्याच्या भीतीने तो भांड्यापासून मागे सरतो. मूत्रपिंड वा यकृत बिघडले तर मळमळीने वासना जाते. वास मंदावला तर अन्नाची ओळखच पटत नाही. म्हणून अन्न किंचित कोमट करणे, भिजवून मऊ करणे, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे देणे हे उपाय उपयोगी पडतात. आहार बदलणे झालेच तर हळूहळू बदलावा. लाडापोटी कांदालसणाची आमटी, बेदाणे घातलेला शिरा किंवा चॉकलेट मात्र देऊ नये. हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. व्हारोची हाडेही आज कोणी सुचविणार नाही, कारण शिजलेल्या हाडांचे तुकडे आतड्यात रुततात. दिवसभर त्याने काहीच खाल्ले नाही, अथवा पाणीही नाकारले, तर उपासाने तो वठणीवर येईल अशी वाट न पाहता त्याला वैद्याकडे न्यावे.

केटोच्या यादीत ज्याचे काम संपले त्याला जागा नव्हती. परंतु मधल्या दोन हजार वर्षांत कुत्र्याने नुसती राखण केली नाही. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात न विचारता भूक व आजार सोसून त्याने माणसाच्या अन्नातील उणीव माणसाला दाखवून दिली. ते ऋण ज्या कुत्र्यांचे होते त्यांना फेडणे आता शक्य नाही. दाराशी बसलेला, ढवळलेल्या डोळ्यांचा कुत्रा मात्र अजून आहे. त्याच्यासाठी भाकरी दुधात चुरून, कोमट करून, तो खाईपर्यंत जवळ बसणे ह्याला फार तर घटकाभर वेळ लागतो.