लष्करातला काडीमोड : वाट पाहण्याचा हिशेब

लढायांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. कोणत्या सेनापतीने कोठे तळ दिला, तोफा किती होत्या, रसद कोठे तुटली, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. पण सैन्य कूच करून गेल्यावर गावात मागे राहिलेल्या घरांचे काय झाले, हे बखरकार सहसा सांगत नाही. श्रोतेहो, आजचा माझा विषय त्या घरांचा आहे. आणि त्यांतही जी घरे मोडली, त्यांचा. शिपायाचा काडीमोड हा विषय वसंतातल्या सायंकाळी कोणाला रुक्ष वाटेल, कोणाला अप्रशस्तही वाटेल. परंतु कायद्याच्या इतिहासात तो फार जुना आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : वाट कोणी पाहायची, किती वर्षे पाहायची, आणि त्या वर्षांची किंमत कोणी द्यायची?

यहुदी लोकांच्या तालमुद ग्रंथात एक परंपरा नोंदलेली आहे. दावीद राजाच्या घराण्यासाठी जो कोणी लढाईला निघे, तो घर सोडण्यापूर्वी बायकोला सूटपत्र लिहून देई. हे ऐकून प्रथम आपण दचकतो. रणावर जाताना बायकोला सोडायचे, हा कसला धर्म? पण कारण नेमके उलटे आहे. यहुदी धर्मशास्त्रात काडीमोड देण्याचा अधिकार पुरुषाचा. तो रणात बेपत्ता झाला आणि मेल्याचा पुरावा मिळाला नाही, तर त्याची बायको ना सौभाग्यवती, ना विधवा. अशा स्त्रीला ‘अगुना’ म्हणजे जखडलेली म्हणतात. आपल्या मागे बायको अशी जखडून पडू नये, म्हणून ते सूटपत्र. परत आला तर संसार पुढे चालू. न आला तर ती मोकळी. हे सूटपत्र सशर्त होते की बिनशर्त, यावर पुढच्या भाष्यकारांनी बराच खल केला आहे. त्यांतल्या काही पंडितांनी याच चालीचा उपयोग बथशेबाच्या प्रकरणात खुद्द दावीद राजाला निर्दोष ठरविण्यासाठी केला, ही गोष्ट मात्र हसू आणणारी आहे. पण राजांची वकिली करणारे पंडित कोणत्या देशात नसतात? मूळ चाल शिपायाच्या मायेतून निघाली होती, एवढे खरे.

रोमन लोक असे हळवे नव्हते. साम्राज्याच्या पहिल्या दोन शतकांत साध्या शिपायाचे लग्न कायदा मानीतच नसे. शिपाई घरे करीत, त्यांना मुले होत. परंतु सरकारच्या दप्तरी ते सारे अविवाहित. सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाने, इ.स. १९७ च्या सुमारास, ही बंदी सैल केली. मग प्रश्न आला बेपत्ता शिपायाच्या बायकोचा. कॉन्स्टंटाइन बादशहाने इ.स. ३३७ मध्ये ठरविले, की चार वर्षे नवऱ्याची काही खबर नसेल, तर बायकोने त्याच्या सेनानायकाला तसे कळवावे आणि मग उघडपणे दुसरे लग्न करावे; तिला शिक्षा नाही, तिचा हुंडाही बुडणार नाही. पुढे दोनशे वर्षांनी जस्टिनियनने चाराची दहा वर्षे केली. तेवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. इ.स. ५४२ च्या कायद्यात त्याने मुदतच काढून टाकली. कितीही वर्षे लोटोत, पथकाच्या अधिकाऱ्यांनी शुभवर्तमानावर हात ठेवून ‘तो मेला’ अशी शपथ घेतल्याशिवाय, आणि त्यानंतर आणखी एक वर्ष गेल्याशिवाय, तिला लग्न करता येऊ नये. चाराचे दहा, आणि दहाचे अनंत! राज्य मोठे होत गेले, तशी बायकोची प्रतीक्षाही लांबत गेली.

आपल्याकडे कौटिल्याने परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट किती पाहावी याची वर्षे वर्णानुसार आणि मूल आहे की नाही यानुसार मोजून दिली आहेत. पण राजाच्या चाकराची बायको? तिने आयुष्य सरेपर्यंत वाट पाहावी. यात शिपाईच अभिप्रेत आहे असे नाही, सारे राजपुरुष त्यात येतात. तरी सरकारी नोकरीचा हा भार कोणाच्या डोक्यावर टाकला गेला, हे स्पष्टच आहे. आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१ नंतर सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याने राज्य हादरवले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. पेशव्यांच्या घरातली ती कथा इतिहासात आली. पण त्या एका दिवसात ज्या हजारो घरांत कुंकू पुसायचे की ठेवायचे हा प्रश्न पडला, त्यांची नोंद कोणी ठेवली? ज्या जातींत पाटाची चाल होती तेथे काही वाट निघाली असेल. जेथे नव्हती, तेथे नाही.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. कारण तोपर्यंत शिपायाच्या काडीमोडाचे कायदे हे बेपत्ता शिपायाचेच कायदे होते. शिपाई हयात आहे, सुखरूप आहे, पण संसार मोडला आहे, ही अवस्था मोठ्या प्रमाणावर दिसली ती दोन महायुद्धांनंतर. इंग्लंडमध्ये १९३७ पर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हेच जवळजवळ एकमेव कारण होते. ए. पी. हर्बर्ट या विनोदी लेखकाने पार्लमेंटात खटपट करून क्रौर्य, परित्याग आणि असाध्य वेड ही कारणे जोडून घेतली. हे गृहस्थ स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले. पण कायदा बदलला तरी वकिलाची फी बदलत नाही. घटस्फोट ही श्रीमंतांची चैनच राहिली. ती स्थिती बदलली सैन्यामुळे. तीन-तीन, चार-चार वर्षे शिपाई आफ्रिकेत, ब्रह्मदेशात. घरून पत्र येते, किंवा येत नाही. छावणीत मन लागत नाही. सैन्याचे धैर्य खचू नये म्हणून सरकारने साध्या शिपायांना कायद्याची मदत देऊ केली, आणि वकिलांच्या लॉ सोसायटीने केवळ सैनिकांच्या घटस्फोटांसाठी स्वतंत्र खाते उघडले. इंग्लंड-वेल्समध्ये १९३८ साली घटस्फोट झाले सुमारे ६,०००. १९४७ साली सुमारे ६०,०००. न्यायालये तुंबली. डेनिंग यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४६ साली पहिला हुकूम आणि कायमचा हुकूम यांमधली सहा महिन्यांची मुदत सहा आठवड्यांवर आणली गेली. गरिबाला सरकारी खर्चाने वकील देणारा १९४९ चा कायदा याच अनुभवाच्या आधाराने झाला.

याच काळातली एक गंमत. गंमत म्हणायची, पण भोगणाऱ्याला ती गंमत नव्हती. त्या वेळी कायद्याने बायकोचे कायम ठिकाण म्हणजे नवऱ्याचे ठिकाण. इंग्रज मुलीने अमेरिकन शिपायाशी लग्न केले, शिपाई आपल्या देशी निघून गेला, पुन्हा तोंड दाखविले नाही. आता घटस्फोट मागायचा तर तिने कोठे जावे? कायदा म्हणे, तुझे घर टेक्सासात. ती बिचारी लंडनचा बॉम्बवर्षाव पाहिलेली. टेक्सास तिने नकाशावरही पाहिलेले नसणार. अशा युद्धविवाहांसाठी पार्लमेंटाला १९४४ साली खास कायदा करून इंग्लंडची न्यायालये उघडी करावी लागली.

अमेरिकेत हा विषय सर्वांत पुढे गेला, म्हणून तेथे थोडे थांबू. तेथील कायद्यानेही आधी विचार केला तो गैरहजर शिपायाचाच. १९१८ साली, आणि पुन्हा १९४० साली, असा कायदा झाला की शिपाई कामगिरीवर असताना त्याच्यामागे एकतर्फी निकाल लावता येऊ नये. दावा तहकूब व्हावा, किंवा त्याच्यासाठी वकील नेमावा. २००३ साली हाच कायदा नव्याने लिहिला गेला आणि अर्ज योग्य असल्यास निदान ९० दिवसांची तहकुबी मिळते. हे न्याय्यच आहे. खंदकात बसलेल्या माणसाचे घर त्याच्या पाठीमागे मोडू नये.

पण बायकोचे काय? लष्करी बायको म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलणारी बाई. तिला एका गावी नोकरी धरता येत नाही, स्वतःची पेन्शन मिळवता येत नाही. वीस वर्षांनी नवरा निवृत्त होतो, त्याच्या हाती पेन्शन येते. आणि त्याच सुमारास घटस्फोट झाला तर? काही राज्यांची न्यायालये म्हणत, ही दोघांची कमाई आहे, वाटून घ्या. १९८१ च्या जून महिन्यात, मॅकार्टी नावाच्या कर्नलच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लष्करी पेन्शन ही त्या अधिकाऱ्याची वैयक्तिक मिळकत आहे; राज्यांनी ती वाटू नये. कायद्यात बदल हवा असेल तर काँग्रेसने करावा. काँग्रेसने तो सव्वा वर्षात केला. कोलोराडोच्या प्रतिनिधी पॅट्रिशिया श्रोडर यांनी या बायकांची बाजू लावून धरली, आणि १९८२ च्या कायद्याने राज्यांना पेन्शन वाटण्याचा अधिकार परत मिळाला.

या कायद्याविषयी एक गैरसमज तिकडेही फार पसरलेला आहे, की दहा वर्षे संसार झाल्याशिवाय बायकोला वाटा नाही. तसे नाही. वाटा द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे न्यायालय ठरविते. दहा वर्षांची अट एवढ्यासाठीच, की तो वाटा लष्कराच्या खजिन्याने थेट तिच्या हाती द्यावा. लग्नाची दहा वर्षे आणि नोकरीची दहा वर्षे एकमेकांवर पडली पाहिजेत. त्याहून कमी असतील तर तिने नवऱ्याकडून वसूल करावे. आणि वीस वर्षे लग्न, वीस वर्षे नोकरी, त्यांतली वीसही समाईक, असे असेल तर लष्करी दवाखान्याचा आणि दुकानाचा हक्कही, दुसरे लग्न न केल्यास, तिच्याकडे राहतो. जस्टिनियनने बायकोची वर्षे मोजली ती तिला अडवून ठेवण्यासाठी. येथे ती मोजली जातात तिच्या पदरात काही टाकण्यासाठी.

तरी पळवाट राहिलीच. जखमी शिपायाला अपंगत्वाचा भत्ता हवा असेल, तर बहुधा तेवढी पेन्शन सोडावी लागते. आणि अपंगत्वाचा भत्ता वाटता येत नाही. १९८९ साली आणि पुन्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. म्हणजे घटस्फोटानंतर कित्येक वर्षांनी नवऱ्याने पेन्शनचा भाग भत्त्यात बदलून घेतला, तर बायकोचा वाटा आपोआप घटतो आणि न्यायालय तो भरून देऊ शकत नाही. येथे दोष कोणाला द्यावा? शिपायाचा तुटलेला पाय त्याचा एकट्याचा; त्या पायाची शुश्रूषा करण्यात गेलेली वर्षे मात्र दोघांची होती. मला स्वतःला येथे शिपायाचेही म्हणणे पटते, बायकोचेही.

आपल्या देशात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट सर्वत्र आला. मुंबई प्रांतात तो १९४७ सालीच आला होता. सात वर्षे ज्याची हयातीची खबर नाही, त्याच्या बायकोला सुटका मागता येते. १९२५ चा एक कायदा कामगिरीवरच्या शिपायाविरुद्धचे दावे तहकूब ठेवण्यास सांगतो. अमेरिकनांचा आणि आपला विचार येथे एक आहे. पोटगीची गोष्ट मात्र निराळी. १९५० च्या सेना कायद्याप्रमाणे शिपायाचा पगार दिवाणी न्यायालयाला जप्त करता येत नाही. पण त्याच कायद्यात बायको-मुलांच्या निर्वाहासाठी सरकारने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने पगारातून रक्कम कापण्याची तरतूद आहे. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली सोडलेली बायको न्यायालयाबरोबरच नवऱ्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्यालाही अर्ज लिहिते. तेथे चौकशी होते, नवऱ्याला कारण विचारले जाते, आणि रक्कम ठरली की ती पगारातूनच कापली जाते.

पेन्शनीत घटस्फोटित बायकोचा वाटा ठरविणारा १९८२ सारखा कायदा आपल्याकडे झालेला नाही. ती कायम पोटगी मागू शकते. नवरा वारल्यावर मिळणारी कुटुंबाची पेन्शन मात्र तिला मिळत नाही, मग संसार पाच वर्षांचा असो की पंचवीस वर्षांचा. आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या ज्या ५४ जणांची यादी पुढे लोकसभेत गाजली, त्यांतल्या कित्येकांच्या बायकांनी सात वर्षांचा कायदा हाताशी असूनही तो वापरला नाही. त्या पाकिस्तानच्या तुरुंगांच्या दारापर्यंत जाऊन आल्या.